काचेमागचे व्हायोलिन

आमची बोट सकाळी सात वाजता इटलीतील जिनोआ बंदराला लागली. सायंकाळी पाचच्या आत सर्वांनी परतावे, अशी ताकीद मिळाली. भूमध्यसमुद्राची ही सफर मला एका जुन्या शिष्येच्या आग्रहाने आणि तिच्याच खर्चाने घडत होती. दहा तासांत असे शहर पाहावयाचे म्हणजे विलंबित ख्याल दहा मिनिटांत उरकण्यासारखेच! तेव्हा सहप्रवाशांना बसगाड्यांतून जाऊ दिले आणि मी एकटाच पायी निघालो. मला एकच वस्तू पाहावयाची होती : निकोलो पागानिनीचे व्हायोलिन.

बंदरावर १५४३ सालापासून उभा असलेला सत्याहत्तर मीटर उंच दीपस्तंभ मागे टाकला की गाव चढू लागते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आला तर भिंतीला टेकून वाट द्यावी. डोक्यावर धुणे वाळत असते. एका भट्टीपाशी तांब्याच्या मोठ्या परातीत हरभऱ्याच्या पिठाचे पातळ धिरडे भाजत होते. त्याला तेथे ‘फारिनाता’ म्हणतात. ते खाऊन पुढे गेलो.

गल्ल्या संपतात आणि एकदम व्हिया गारिबाल्दीचा राजमार्ग लागतो. स्पेनच्या राजालाही कर्ज देणाऱ्या सावकारांचे हे सोळाव्या शतकातील वाडे. १५७६ साली येथील प्रजासत्ताकाने अशा वाड्यांची यादी केली. राजेरजवाडे पाहुणे आले की त्या यादीतून चिठ्ठी टाकून यजमान ठरवीत. त्यांतील सर्वांत भव्य वाडा तुर्सी. आज तेथे नगरपालिकेची कचेरी आहे, आणि तेथेच ते व्हायोलिन आहे.

क्रेमोना गावच्या ग्वार्नेरीने ते १७४३ साली घडविले. पागानिनी १७८२ साली जिनोआतच जन्मला. या वाद्याच्या दणदणीत आवाजामुळे तो त्यास ‘तोफ’ म्हणे. १८४० साली तो वारला. वाद्य कायमचे जतन व्हावे म्हणून त्याने ते मृत्युपत्रात आपल्या गावाला दिले होते. काचेपलीकडे मी ते पाहिले. वर्षानुवर्षे हनुवटी टेकून जेथला रंग उडाला, त्या जागेवरून माझी दृष्टी हलेना. गावाने वाद्य सांभाळले. मात्र ज्या घरात तो जन्मला ते घर १९७१ साली पाडले.

१९७१ हे साल मी विसरू शकत नाही. त्याच साली आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि राजवाड्यात सारंगी वाजविणारे माझे वडील तिशीतच घरी बसले. पुढे शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला. ते गेल्यापासून सारंगी गवसणीत घालून खुंटीला टांगली आहे. एका संग्रहालयाने ती मागितली आहे. माझ्या वर्गातील चौदा वर्षांच्या एका मुलानेही दोनदा मागितली. त्याला मी नाही म्हणालो होतो. काचेत ती सुरक्षित राहील, असे मनाने जवळजवळ ठरले होते.

परंतु जिनोआने तसे केलेले नाही. वाद्य न वाजविता ठेवले तर त्याचा आवाज बसतो, हे जाणून हे व्हायोलिन अधूनमधून काचेबाहेर काढून वाजवितात. १९५४ सालापासून तेथे पागानिनीच्या नावाने तरुण वादकांची स्पर्धा भरते, आणि जिंकणाऱ्यास याच वाद्यावर वाजविण्याचा मान मिळतो. २००१ साली रेजिना कार्टर या अमेरिकन वादिकेने त्यावर चक्क जॅझ वाजविले! कित्येकांनी नाके मुरडली, तरी वाद्य तिच्या हाती दिले गेले. थोर कलावंताची वस्तू परक्या हाती देण्यास धैर्य लागते. ते मजपाशी नव्हते, आणि त्यालाच मी पितृभक्ती समजत होतो.

साडेचारला बोटीवर परतलो. सोबतीण म्हणाली, “मास्तर, दिवसभरात एवढेच पाहिलेत?” मी हसलो.

घरी येऊन प्रथम गवसणी काढली. दोन ताती तुटलेल्या, चामडे सैल, तरफांवर गंज. संग्रहालयास नम्र नकार कळविला आहे. वडिलांनी मला जेवढी शिकविली तेवढी सारंगी तो मुलगा आता दर रविवारी माझ्याकडून शिकतो. त्याचा गज अद्याप करकरतो. पण घरात पुन्हा आवाज आहे.