बोलणारे यंत्र आणि गाणारे यंत्र

सिंथेसायझर या विद्युत्-वाद्याची हकीकत सामान्यतः संगीताच्या इतिहासात सांगितली जाते. १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने आपल्या वाद्याचा पहिला नमुना सिद्ध केला; १९६८ साली वेंडी कार्लोस यांच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेने ते सर्वतोमुखी झाले, अशी ती हकीकत. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या वाद्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनांपैकी कित्येक कल्पना त्यापूर्वी पाव शतक मानवी वाणीच्या अभ्यासकांनी हाताळल्या होत्या. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा विषय परका वाटण्याचे म्हणूनच कारण नाही.

ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये अंकांना स्थान नसते. विद्युत्-दाबाचा चढउतार हेच तेथे हवेतील कंपनांचे प्रतिरूप असते. ‘ॲनालॉग’ म्हणजे सदृश, तो याच अर्थाने. ऑसिलेटर हा भाग उपस्वरांनी भरलेला एक कर्कश नाद निर्माण करतो. फिल्टर त्यातील काही उपस्वर गाळतो, काही उठावदार करतो. आणि या दोहोंवर स्वतः ऐकू न येणाऱ्या, संथपणे बदलणाऱ्या विद्युत्-दाबांची हुकमत चालते. मूग यांच्या रचनेत दाब एका व्होल्टने वाढविला की स्वर एक सप्तक वर चढतो. कंठात उत्पन्न होणारा नाद, त्यास आकार देणारी मुखाची पोकळी आणि ती पोकळी बदलणाऱ्या जिव्हा-ओष्ठांच्या मंद हालचाली यांच्याशी असलेले या व्यवस्थेचे साम्य उघड आहे.

हे साम्य प्रत्यक्ष यंत्रात उतरविण्याचे श्रेय बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांस द्यावे लागते. त्यांचे ‘व्होडर’ हे यंत्र १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे बोलले. ते वाजवावे लागे. दहा बोटांखालच्या दहा पट्ट्या दहा फिल्टरांवर ताबा ठेवीत. मनगटाखालच्या दांडीने ‘गुणगुण’ की ‘फुसफुस’ हे ठरे. पायाखालच्या पट्टीने स्वराची उंची बदले. स्पर्शव्यंजनांसाठी तीन पट्ट्या निराळ्या होत्या. हे यंत्र सफाईने बोलते करावयास शिकण्यास सुमारे वर्ष लागे. मूल जे खेळता खेळता आत्मसात करते ते प्रौढ माणसाच्या बोटांना वर्षभर शिकवावे लागते, ही गोष्ट वाणीच्या गुंतागुंतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

‘गुणगुण’ आणि ‘फुसफुस’ ही विभागणी वाचताना प्रातिशाख्यांच्या अभ्यासकास नाद आणि श्वास यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी वर्णाचे द्रव्य, म्हणजे अनुप्रदान, आणि त्यास आकार देणारे स्थान व करण यांत स्पष्ट भेद केला होता. डडली यांना ही परंपरा ठाऊक असल्याचे मानण्याचे कारण नाही. दोन्हीकडे निरीक्षण अचूक होते एवढेच.

डडली यांचे दुसरे यंत्र ‘व्होकोडर’. व्होडर बोटांनी बोले. व्होकोडर माणसाच्या बोलण्याचे पृथक्करण करून त्याच मोजमापांवरून ते पुन्हा घडवी. १९४० च्या एका निबंधात त्यांनी यामागील सिद्धान्त मांडला : कानी पडणारा नाद हा केवळ वाहक असून संदेश असतो तो मुखाच्या ऐकू न येणाऱ्या मंद हालचालींत. टेलिफोनच्या तारेवरून नाद न पाठविता केवळ त्या हालचालींचा आलेख पाठविला, तर संदेश सुमारे एकदशांश जागेत मावतो. महायुद्धात या काटकसरीचा अनपेक्षित उपयोग झाला. १९४३ साली वॉशिंग्टन व लंडन यांच्यात सुरू झालेल्या ‘सिगसॅली’ या गुप्त दूरध्वनियंत्रणेत व्होकोडरचे मापन सेकंदाला ५० वेळा घेऊन सहा पायऱ्यांत अंकित केले जाई, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी फिरणाऱ्या खरखरीच्या जुळ्या तबकड्यांच्या साहाय्याने ते अंक झाकले व उलगडले जात. सुमारे ५० टन वजनाच्या या यंत्रणेचे रहस्य १९७६ पर्यंत उघड झाले नाही. ॲनालॉग यंत्राच्या पोटी अंकीय वाणीचा जन्म व्हावा, हा योग मौजेचा खरा.

वाणीची विद्या संगीताकडे गेली ती बॉनमार्गे. १९४८ साली डडली बॉन विद्यापीठात आले व त्यांनी व्हेर्नर मायर-एप्लर या ध्वनिशास्त्रज्ञांस व्होकोडरची ओळख करून दिली. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मायर-एप्लर यांच्या ग्रंथाच्या नावातच विद्युत्-संगीत आणि कृत्रिम वाणी हे दोन्ही विषय एकत्र आहेत. १९५१ पासून कोलोनच्या नभोवाणीत जे विद्युत्-संगीताचे केंद्र आकारास आले त्यास त्यांच्या विचारांचा मोठा आधार होता. तेथील कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी मायर-एप्लर यांच्यापाशी ध्वनिशास्त्राचे रीतसर अध्ययन केले. १९५६ साली सादर झालेल्या ‘गेझांग डेर युंग्लिंगे’ या रचनेत त्यांनी एका मुलाचा आवाज आणि विद्युत्-ध्वनी एका सूत्रात गुंफले : स्वर शुद्ध नादाकडे झुकणारे, व्यंजने खरखरीकडे, आणि मधल्या सर्व पायऱ्या रचनाकाराच्या हाती.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत जे घडले ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होय. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी वाचनयंत्र बनवावे, हा तेथील कार्याचा आरंभ. छापील अक्षरागणिक एक ठरावीक ध्वनी काढावयाचा व ऐकणाऱ्याने ती ध्वनिमाला शिकावयाची, अशी साधी योजना होती. ती फसली. ध्वनी कितीही निवडून काढले तरी वेग वाढला की ते एकमेकांत मिसळत व ऐकणारा हतबल होई. मग बोलण्यातील ध्वनी, सेकंदाला दहापंधरा आले तरी, सहज कसे उमगतात? या प्रश्नाच्या शोधात फ्रँकलिन कूपर यांनी ‘पॅटर्न प्लेबॅक’ हे यंत्र रचले. पारदर्शक पट्टीवर पांढऱ्या रंगाने ध्वनिचित्र रंगवावयाचे. ५० वर्तुळे कोरलेल्या फिरत्या चक्रातून गेलेला प्रकाश त्यावर पडला की चित्र बोलू लागे. १२० कंपनांचा एकसुरी आवाज, पण संशोधकास हवी ती रेषा पुसता येई, हवी ती वाढविता येई.

१९५२ साली ॲल्विन लिबरमन, पिएर देलात्र व कूपर यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आजही विचार करावयास लावतो. १४४० कंपनांचा एकच क्षणिक स्फोट ‘ई’ किंवा ‘ऊ’ यांपूर्वी ठेवला असता श्रोत्यांना बहुतांशी ‘प’ ऐकू आला. ‘आ’ पूर्वी ठेवला असता ‘क’. उलट ‘दी’ आणि ‘दू’ यांतील ‘द’ एकच वाटतो, परंतु दुसऱ्या फॉर्मंटचे वळण एकीकडे चढते, दुसरीकडे उतरते. ती वळणे सुटी काढून ऐकविली तर एक वर जाणारी शीळ व एक खाली येणारी शीळ, एवढेच हाती लागते. ‘द’ कोठेच नसतो. वर्ण हे मण्यांप्रमाणे एकापुढे एक ओवलेले असतात, ही लिपीने दिलेली समजूत येथे कोसळते. लिबरमन यांनी यावरून श्रोता मुखाच्या हालचालीच ओळखतो असा सिद्धान्त काढला. तो सर्वमान्य झालेला नाही, आणि त्यावरील आक्षेप वजनदार आहेत. परंतु मूळ प्रयोगाची वासलात कोणत्याही सिद्धान्तास लावावीच लागते.

याच प्रयोगमालेतील एका उपनिष्कर्षाने मूगच्या फिल्टरवरही प्रकाश पडतो. ‘ओ’, ‘ऊ’ यांसारख्या पश्च स्वरांचे पहिले दोन फॉर्मंट जवळजवळ असल्याने त्यांचा भास एकाच फॉर्मंटने घडविता येतो. ‘ई’, ‘ए’ यांना दोन हवेतच. मूगच्या फिल्टरला उठावाचे एकच टोक असते. ते सरकविले की वाद्य ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत तोंड उघडल्यासारखे वाटते, पण ‘ई’ म्हणणे त्यास जमत नाही. ती उणीव व्होकोडरनेच भरून काढली : मूग व कार्लोस यांनी १९७० साली दहा पट्ट्यांचा व्होकोडर तयार केला आणि ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९७१ च्या चित्रपटात त्याच्या कंठातून बेथोव्हनचे वृंदगान ऐकू आले.

भारतातही मूगचे वाद्य लौकर आले, ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी ते मांडून दिले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे केलेल्या रचनांच्या फिती दीर्घकाळ संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीच्या अभ्यासकास मात्र आणखी एक कोडे येथे सापडेल. व्होडरची दांडी नाद किंवा श्वास यांपैकी एकच देई; घ, ध, भ यांना आणि ‘म्हैस’, ‘उन्हाळा’, ‘कोल्हा’ यांतील संयोगांना दोन्ही एकदम लागतात. तैत्तिरीय प्रातिशाख्याने कंठ मिटलेला असता नाद, उघडा असता श्वास व मध्यम स्थितीत हकार, असे तीन प्रकार मानून वर्गातील चौथ्या वर्णांना हे तिसरे द्रव्य दिले आहे. संगणकावर चालणाऱ्या, डेनिस क्लॅट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या वाणीसंश्लेषकात नाद आणि श्वास एकत्र देण्याची सोय आहे. परंतु १९७० च्या मिनिमूगमध्येही ऑसिलेटर आणि खरखर यांचे प्रमाण हवे तसे जुळवून ती दोन्ही एकाच फिल्टरमधून सोडता येतात. ‘बार’ आणि ‘भार’ यांतील भेद त्यावर पुरता घडणार नाही, कारण ब-काराची वळणे घडविण्यास एक फिल्टर अपुरा पडतो. पण त्या भेदातील कंठाचा वाटा तेवढा वेगळा काढून कानाने पारखता येतो.