झीज जोडीची असते

मारुती ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ घनसेंटिमीटरचं. आजच्या गाड्यांपुढे अगदीच चिमुकलं. ही गाडी एक लाख किलोमीटर चालली म्हणजे आत काय काय घडलं, याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर अडीच हजार तास. इंजिनाचे मिनिटाला सरासरी २,५०० फेरे धरले तर साडेसदतीस कोटी फेरे. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीनं फिरतो, म्हणजे त्याचे पावणेएकोणीस कोटी. कॅमवरच्या प्रत्येक उंचवट्यानं, गॅरेजच्या भाषेत लोबनं, आपापला व्हॉल्व्ह तितक्या वेळा उघडला आणि मिटू दिला, तेही दर वेळी स्प्रिंगचा जोर अंगावर घेऊन. एवढं होऊनही चांगल्या राखलेल्या इंजिनात त्या लोबची झीज डोळ्यांना दिसत नाही. ती मोजायला मायक्रोमीटर काढावा लागतो.

झिजलेला कॅम आणि रॉकर घरच्या घरी बदलणं हे चिकाटीचं काम आहे, जादूचं नाही. जादू आहे ती हे भाग इतकी वर्षं टिकतात यात. ते टिकतात कसे हे कळलं, की बदलताना कुठे काटकसर चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, तेही कळतं.

कॅमशाफ्ट म्हणजे लोखंडात कोरलेलं वेळापत्रक. लोबचा गोल भाग समोर असेल तोवर व्हॉल्व्ह मिटलेला. नाक वर येऊ लागलं की तो उघडू लागतो, आणि किती, केव्हा, कोणत्या वेगानं उघडेल ते सगळं त्या नाकाच्या वळणात आधीच ठरलेलं असतं. ८००मध्ये कॅम वर, हेडमध्ये बसतो. त्याच्यावर दोन पोकळ दांड्यांवर सहा रॉकर. रॉकरचं एक टोक लोबवर घासत राहतं, दुसऱ्या टोकाचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबतो. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीत कॅम खाली ब्लॉकमध्ये असे आणि लांब पुशरॉडमधून काम वर पोचे. तिथे कॅम बदलणं म्हणजे निम्मं इंजिन उकलणं. ८००मध्ये झाकण काढलं की सगळं नजरेसमोर.

इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना कॅमचा एक फेरा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात होतो आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वेळच व्हॉल्व्ह उघडा असतो. त्या तेरा-चौदा मिलिसेकंदांत व्हॉल्व्हनं काही मिलिमीटर खाली जायचं, परत यायचं आणि आपल्या जागेवर न आदळता टेकायचं. फेरे ६,०००वर गेले की त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट होतं.

हा सगळा भार पेलते ती जागा किती? गोल लोब आणि रॉकरचा वाकडा तळवा एकमेकांना टेकतात ते एका रेघेत. धातू किंचित दबतो आणि त्या रेघेची अतिशय अरुंद पट्टी होते. दोन वक्र पृष्ठभाग असे दाबले तर काय होतं, याचं गणित १८८०च्या नाताळच्या सुट्टीत बर्लिनमध्ये हाइनरिश हर्ट्झनं मांडलं. पुढे ज्याच्या नावानं आपण रेडिओलहरींची वारंवारता मोजू लागलो, तोच हा हर्ट्झ. वय तेवीस. त्याच्यापुढे प्रश्न होता काचेच्या दोन भिंगांचा, एकमेकांवर दाबल्यावर त्यांचा आकार कसा बदलतो, हा. तेच गणित आज कॅमला लागू पडतं आणि आकडा येतो पाच ते दहा हजार वातावरणांच्या घरात. जगातल्या सर्वांत खोल सागरतळावरचा दाब अकराशे वातावरणांच्या आसपास आहे.

हर्ट्झच्या गणितातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघते. सर्वांत जास्त कर्तनताण पृष्ठभागावर नसतो, तो कातडीच्या किंचित खाली असतो. म्हणून जुन्या लोबवर सुईनं टोचल्यासारखे जे खड्डे दिसतात, त्यातले बरेचसे वरून कोरले गेलेले नसतात. आधी आत तडा जातो, तो वर येतो आणि मग एक कपचा उडतो.

इतक्या दाबाखाली मध्ये तेल तरी राहतं का? राहतं, पण लोबच्या नाकाशी त्याचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या चौपट ते सातपट असते. अशा ठिकाणी नुसतं तेल पुरत नाही. त्यात मिसळलेलं जस्त, फॉस्फरस आणि गंधकाचं एक संयुग मदतीला येतं. त्याचं आखूड नाव झेडडीडीपी. १९४०च्या दशकात ते तेलात आलं ते तेल लवकर बिघडू नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. घर्षण जिथे जास्त, तिथेच ते काचेसारखा एक थर बांधतं. दाब आणि उष्णता वाढली की थर वेगानं वाढतो, हे २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म टोकाखाली तो थर वाढताना पाहून दाखवलं. कॅम फिरतो, थर खरवडला जातो, पुन्हा बांधला जातो. धातूऐवजी बराचसा तोच झिजतो.

उरलेलं काम ओतकाम करतं. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आणि शेंगाचटणी आठवते, पण १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही सोलापूरचीच आहे आणि तिथले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटारींमध्ये जातात. कॅम ओतण्याची एक मुरलेली पद्धत अशी: वाळूच्या साच्यात जिथे लोबचं नाक येणार, तिथे धातूचे तुकडे बसवायचे. त्यांना चिल म्हणतात. वितळलेलं लोखंड त्यांना लागताच झपाट्यानं थंड होतं. कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळं पडायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशीच बांधला जातो आणि तिथलं लोखंड पांढरं, अतिशय कठीण बनतं. शाफ्टचा गाभा मात्र सावकाश निवतो, म्हणून कमी ठिसूळ राहतो. एकाच ओतीतून निघालेल्या एकाच तुकड्याला दोन स्वभाव मिळतात.

इतका बंदोबस्त असूनही झीज होते ती बहुतेक वेळा तेलाच्या हलगर्जीपणामुळे. तेल वेळेवर बदललं नाही की काळा चिखल साचतो, रॉकरच्या पोकळ दांडीची बारीक भोकं बुजतात आणि एखादा लोब कोरडा पडतो. रॉकरचा तळवा झिजला की त्याचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली फट वाढते आणि टकटक सुरू होते. लोक म्हणतात, टॅपेट वाजतंय. मिस्त्री फिलर गेज घालून स्क्रू आवळतो, आवाज थांबतो. पण ही फट मोजतात लोबचा गोल भाग रॉकरखाली असताना. झीज नाकाची झालेली असेल तर तिचा या मापाशी संबंधच येत नाही. गॅप पुस्तकातल्यासारखी, आवाज बंद, आणि तरी व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही म्हणून तो सिलिंडर अर्धपोटी. उलट व्हॉल्व्हची सीट झिजली तर फट कमी होत जाते, आवाज मुळीच येत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यानं जळतो. म्हणून वाजणारं टॅपेट बरं, आपोआप गप्प झालेलं वाईट.

झाकण काढून बॅटरीच्या उजेडात लोब तिरका पाहावा. चांगला लोब एकसारखा, मंद चकाकतो आणि त्यावर नख अडत नाही. झिजलेल्यावर फिरण्याच्या दिशेनं ओरखडे असतात, नाकाची धार बसकी झालेली असते. त्याचा रॉकर उलटा करून पाहिला तर तळव्यावर त्याच लोबचा ठसा सापडतो. एकाचे ओरखडे दुसऱ्याच्या ओरखड्यांशी जुळतात. या साऱ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच कळते: झीज एकट्याची नसते, जोडीची असते. नव्या कॅमवर जुना रॉकर चढवला, तर त्याच्या तळव्यावरचे कंगोरे नव्या लोबला पहिल्याच दिवसापासून खाऊ लागतात. त्या कंगोऱ्यांच्या टोकांवर हर्ट्झच्या अरुंद पट्टीहूनही कमी जागा भार घेते आणि तेलाचा थर फाटतो. त्यामुळे कॅम बदलला की त्यावर घासणारे रॉकरही नवेच. जुने भाग परत बसवायचे असतील तर प्रत्येक रॉकर ज्या लोबवरून निघाला त्याच लोबवर गेला पाहिजे. काढतानाच क्रमांक घालून ओळीनं मांडून ठेवावेत.

कामाचा क्रम सरळ आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची वायर सोडायची, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणायचा, टाइमिंगच्या खुणा जुळल्या की त्यांचा फोटो काढून ठेवायचा. मग टाइमिंग बेल्ट, दुसऱ्या टोकाचा डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत कॅमवर चालणारा पेट्रोल पंप सोडायचा. बेल्ट निघाल्यावर क्रँकला उगाच हात लावायचा नाही. सहाही स्क्रू सैल करून रॉकरच्या दांड्या हळूहळू ओढायच्या. रॉकर आणि त्यांच्या मधल्या स्प्रिंगा एकेक करून हाती येतात. शेवटी कॅम डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं बाहेर. इथे घाई करू नये. हेड ॲल्युमिनियमचं असतं, कॅम थेट त्याच्याच भोकांत फिरतो, आणि कठीण लोबची कड त्या मऊ भिंतीवर घासली तर ओरखडा कायमचा.

बाहेर आलेल्या कॅमचे सहा लोब मायक्रोमीटरनं मोजावेत. इनलेटचे तीन आपसांत, एक्झॉस्टचे तीन आपसांत जुळायला हवेत. चालण्याजोगी झीज मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपासच असते, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारण शोधणं. दांड्यांच्या भोकांतून बारीक तार फिरवावी, हवा मारावी. तेलाची वाट बुजलेली ठेवून नवे भाग टाकले तर तेही त्याच वाटेनं जातात.

बसवताना लोबवर आणि तळव्यांवर असेंब्ली पेस्टचा जाड हात. तेल वर पोचेपर्यंतच्या पहिल्या काही सेकंदांत दुसरं संरक्षण नसतं. ऑइल सील नवं, बेल्टही शक्यतो नवा, बोल्ट टॉर्क रेंचनं. खुणा जुळवून बेल्ट ताणला की पाना लावून क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानं द्यायचे. तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो आणि खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. मध्येच काही अडलं तर जोर करायचा नाही, दात चुकलेला असू शकतो. मग सहाही गॅप बसवायच्या, तेल आणि फिल्टर बदलायचा. जुनं तेल डब्यात भरून द्यायचं, गटारात नाही.

तेल निवडतानाही जोडीचा विचार सुटत नाही. फॉस्फरसमुळे धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून अलीकडच्या तेलांत त्याचं प्रमाण घटवत आणलं आहे. नव्या गाड्यांच्या कॅमवर बऱ्याचदा रोलर फिरतो, त्यांना ते चालतं. घासणाऱ्या तळव्यांच्या जुन्या इंजिनात मात्र मॅन्युअलमधली श्रेणी वाचूनच तेल घ्यावं.

पहिले काही दिवस नव्या जोड्या एकमेकींची खरबड घासून काढतात. हजारेक किलोमीटरनंतर झाकण उघडून सहाही गॅप पुन्हा मोजाव्यात. सगळ्या थोड्याथोड्या आणि सारख्या हलल्या असतील तर भाग रुळले, स्क्रू फिरवून माप सारखं करावं. पाच जागच्या जागी आणि एकच हललेली असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी त्या रॉकरची दांडी पुन्हा काढा आणि त्याच्या तेलाच्या भोकातून तार आरपार जाते का ते बघा.