ओली गोधडी आणि सिकलसेल

दीड-दोन वर्षांचं मूल शू-शी आली हे खुणेनं किंवा शब्दानं सांगू लागलं की सवय लावायला सुरुवात करावी. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर थोडा वेळ बसवावं. झालं तर कौतुक, नाही तर उठवून खेळायला सोडावं. दिवसाचा ताबा साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत येतो, रात्रीचा उशिरा. पाच वर्षांची सुमारे १५ टक्के मुलं झोपेत शू करतात. त्यात मुलाचा काहीच दोष नसतो. मार तर नकोच, चारचौघांत बोलणंही नको.

गडचिरोलीतल्या अहेरी भागात मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. ती पातळ आणि भरपूर होते, रात्रीसुद्धा. अशा मुलाचं संध्याकाळचं पाणी तोडणं धोक्याचं आहे, कारण पाणी कमी पडलं की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला पाणी द्यावंच, रात्री एकदा उठवावं, गोधडीखाली प्लास्टिक घालावं.

पाच-सहा वर्षांनंतरही अंथरूण ओलं होत असेल आणि हातपाय दुखणं, डोळे पिवळे दिसणं, अंगात रक्त कमी असणं सोबत असेल, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आलेला ताबा पुन्हा गेला, लघवीला जळजळ झाली किंवा शौच कडक होत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावं.