डबी नको, झरा शोधा!

एकाने रानात डबी दडवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने यंत्राच्या साहाय्याने ती हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचे. मे २००० मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ म्हणजे ‘जिओकॅशिंग’. मौजेचा खरा; पण वाचकहो, साताऱ्याच्या कासच्या सड्यावर डबी नको! तिथली माती वीतभरही नाही, आणि तेवढ्यावरच ती सारी फुले जगतात.

याच खेळाचा ‘अर्थकॅश’ हा धाकटा भाऊ मात्र आपल्या डोंगरांना शोभेल. त्यात डबीच नसते. भूमीचे एखादे गुपित उलगडायचे, बस्स.

चुनखडीच्या मुलखात वाहते ओढे भुयारात गडप होतात. आपल्याकडे ती चुनखडी नाही. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. जांभा पोळ्यासारखा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण थराशी अडते आणि कड्याच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. म्हणूनच टेबललँडवर रखरखीत माळ, अन् खाली ओलावा! तिथे सिमेंट ओतले की पाण्याची आत शिरायची वाटच बुजते. केंद्र सरकारने २००१ साली हा परिसर संवेदनशील ठरवला, तो उगीच नव्हे.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत मुलांना एक झरा गाठू द्या. तांब्या भरायला किती सेकंद लागले, ते वहीत टिपा. मे महिन्यात पुन्हा मोजा. हेच झरे कृष्णेला मिळतात, आणि सांगलीकरांच्या नळाला येते ते कृष्णेचेच पाणी.