हळदीच्या लेपाने चेहऱ्यावरचे केस जातात का?

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे मुलीच्या हनुवटीवर किंवा ओठांवर दाट केस दिसले, की घरातला पहिला उपाय हळद-बेसनाचा लेप. वाळलेला लेप चोळून काढताना बारीक लव निघते, पण केसाचे मूळ त्वचेच्या आत असते. तिथवर हळद पोचत नाही. जोरात घासल्याने मात्र चेहरा काळवंडतो.

असे राठ केस बहुतेकदा अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकांमुळे येतात, आणि त्यामागचे सर्वांत नेहमीचे कारण पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार. पाळी लांबणे, मुरमे, वजन वाढणे ही त्याच्या सोबतची लक्षणे. म्हणून पार्लरच्या आधी डॉक्टर, असे मी ठामपणे सांगेन. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर अजिबात थांबू नये. क्वचित अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असू शकते.

रेझरने केस जाड होतात, हा समज चुकीचा आहे. कापलेले टोक बोथट असते, म्हणून ते हाताला राठ लागते. दोरा, वॅक्स यांचा परिणाम काही आठवडेच टिकतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा फरक दिसायला साधारण ६ महिने लागतात. त्यांतल्या काही गरोदरपणात चालत नाहीत. सावळ्या त्वचेला एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित, पण पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही.

आयांनो, स्थळे पाहायची वेळ येईपर्यंत थांबू नका. पाळी अनियमित असेल, तर मुलीला आत्ताच हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा.