आजारी शॅमेलिऑन आणि त्याचा पिंजरा

पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वैद्यकात शॅमेलिऑन हा अवघड रुग्ण समजला जातो, कारण तो आजारी आहे हे पाळणाऱ्याच्या लक्षात येते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. रानात अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत फांदी घट्ट धरून काहीच न झाल्यासारखे बसून राहणे, ही या सरड्याची उपजत रीत आहे. अमेरिका आणि युरोपात जे शॅमेलिऑन मोठ्या प्रमाणावर पाळले जातात, त्यांत येमेन व सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन हे प्रमुख आहेत. त्यांना जडणारे बहुतेक रोग एखाद्या जंतूपासून नव्हे, तर पिंजऱ्यातील प्रकाश, उष्णता, पाणी आणि आहार यांतल्या उणिवांतून सुरू होतात. जंतुसंसर्ग होतो तोही पुष्कळदा या उणिवांच्या मागोमाग. म्हणून जाणकार पशुवैद्य रुग्णाला हात लावण्याआधी त्याच्या पिंजऱ्याची छायाचित्रे मागतो आणि दिव्याची नळी कधी बदलली होती, असे विचारतो.

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला, तरी पाळीव शॅमेलिऑनच्या सर्वांत परिचित विकाराचे, म्हणजे चयापचयजन्य अस्थिविकाराचे, मूळ बहुधा तिथेच सापडते. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, शरीराच्या उष्णतेने त्याचे ड-३ जीवनसत्त्वात रूपांतर होते आणि पुढे यकृत व मूत्रपिंड या दोन टप्प्यांतून गेल्यावर ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याच्या कामी येते. घरातील साध्या दिव्यात हे किरण नसतात, खिडकीची काच ते अडवते, आणि खास दिव्यांतूनही ते काही महिन्यांनी क्षीण होतात, जरी दिवा डोळ्यांना पूर्वीइतकाच लखलखीत दिसत असला तरी. त्यात भर पडते ती आहाराची. पिंजऱ्यातल्या शॅमेलिऑनचे मुख्य अन्न असलेल्या रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, तर सरड्याला साधारण उलट प्रमाण, म्हणजे फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम लागते. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले की मानेतील परावटू ग्रंथी आपले संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे रसायन, अधिक प्रमाणात सोडतात. हृदय व स्नायू चालते ठेवण्यासाठी मग कॅल्शियम हाडांतून काढून घेतले जाते आणि त्याची जागा तंतुमय ऊती घेते.

या विकाराची पहिली खूण पुष्कळदा चालीत दिसते. शॅमेलिऑनच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशा गटांत जुळून चिमट्यासारखा पंजा झालेला असतो. निरोगी प्राणी पोट फांदीपासून उचलून डौलाने पाऊल टाकतो, तर आजारी प्राणी पोट टेकवून सरकतो, पंजा फांदीवर नेमका पडत नाही आणि कधी तो आपल्याच दुसऱ्या पायाला पकडून बसतो. पुढे पायांची हाडे धनुष्याकृती वाकतात, खालचा जबडा रबरासारखा लवचिक होतो, बोटे थरथरतात. जीभ ज्या हाडाच्या आधारावर फेकली जाते तेही मऊ पडल्यामुळे नेम चुकू लागतो किंवा जीभ तोंडाबाहेर लोंबते. समोर भक्ष्य असूनही प्राणी खात नाही, तेव्हा त्याची भूक मेली असेलच असे नाही. जबडा दुखत असतो. अशा वेळी बळेच तोंड उघडून भरवण्याचा प्रयत्न घातक ठरतो, कारण मऊ जबडा हातातच मोडू शकतो.

उपचारात कॅल्शियमचे द्रावण तोंडावाटे ठरावीक मात्रेत दिले जाते, झटके येत असतील तरच पशुवैद्य ते टोचतो, आणि त्यासोबत योग्य दिवा, ऊब व पाणी यांची घडी बसवली जाते. ड जीवनसत्त्वाची पूड मनाला येईल तशी चारणे हा उपाय नव्हे. ते चरबीत साठते आणि जास्त झाल्यास कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत बसते. या बाबतीत प्राण्याची स्वतःची जाण थक्क करणारी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात असे दिसले की आहारातून ड जीवनसत्त्व कमी मिळालेले पँथर शॅमेलिऑन अतिनील प्रकाशात अधिक वेळ बसतात, तर भरपूर मिळालेले त्यापासून दूर राहतात. म्हणजे पिंजऱ्यात उजेडाची आणि सावलीची अशा दोन्ही जागा ठेवल्या, तर मात्रा ठरवण्याचे निम्मे काम रुग्णच करतो. वाकलेली हाडे मात्र सरळ होत नाहीत. ती त्याच आकारात घट्ट होतात.

शॅमेलिऑनला स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करता येत नसल्याने त्याला ताप आतून चढत नाही, तो उबदार जागी जाऊन मिळवावा लागतो. वाळवंटी इग्वाना या सरड्यांवरील १९७०च्या दशकातील प्रयोगांत जंतुसंसर्ग झालेले प्राणी मुद्दाम अधिक उष्ण जागा निवडताना आढळले आणि ज्यांना जास्त तापमानात ठेवले त्यांच्यात वाचणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. इग्वानाला मानवणारे ४० अंशांवरील तापमान शॅमेलिऑनला मारक ठरेल. व्हेल्ड शॅमेलिऑनला दिव्याखाली ३० अंशांच्या आसपासची जागा पुरते. पण आजारी सरडा थंड खोलीत ठेवून त्याला प्रतिजैविके देत राहण्यात फारसा अर्थ नाही, कारण थंड शरीरात पचन, औषधाचे वहन आणि रोगप्रतिकार हे सारेच मंदावते. जिभेचे उदाहरण इथे बोलके आहे. ती फेकण्याची ऊर्जा लवचिक ऊतींत आधीच साठवलेली असते, मागे ओढण्याचे काम मात्र स्नायूंचे असते. त्यामुळे तापमान १० अंशांनी उतरले तरी फेकीत थोडीच घट होते, पण जीभ परत येण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

पाण्याची कथा निराळी. हा प्राणी भांड्यातले साचलेले पाणी सहसा पाणी म्हणून ओळखतच नाही. पानांवरचे थेंब हलताना, चमकताना दिसले की तो ते चाटतो. फवारा आणि ठिबक नसलेल्या पिंजऱ्यात पाण्याची वाटी भरलेली असूनही सरडा तहानेने खंगतो. विष्ठेसोबत पडणारा युरेटचा, म्हणजे घनरूप मूत्राचा, भाग पांढरा असेल तर ठीक, गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर शरीरात पाणी कमी पडत आहे असे समजावे. ही टंचाई दीर्घकाळ टिकली तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक आम्लाचे खडे सांध्यांत साचतात. आत गेलेले किंवा दिवसाढवळ्या मिटलेले डोळे ही आणखी एक खूण. ती पाण्याच्या, अ जीवनसत्त्वाच्या अभावाची किंवा संसर्गाचीही असू शकते. त्वचेच्या काळवंडलेल्या रंगावरून मात्र निदान करू नये, कारण थंडी, भीती आणि राग यांतही तो तसाच होतो.

व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशिवायही अंडी धरते आणि खोल, ओलसर वाळू मिळाली नाही तर ती पोटातच अडकतात. ही तातडीची अवस्था असून शस्त्रक्रियेवाचून अनेकदा गत्यंतर नसते.

जखमांच्या बाबतीत सस्तन प्राण्यांचे आडाखे चालत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, तो चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे गळू चिरून निचरा होण्याची वाट पाहता येत नाही. ते आवरणासह कोरून काढावे लागते. दिव्याच्या फार जवळ बसल्याने पाठीचा कणा किंवा तुरा भाजणे ही नेहमीची दुखापत आहे, आणि ती टाळण्यासाठी दिवा पिंजऱ्याबाहेर, जाळीपासून अंतर राखून लावणे पुरेसे असते. हाड मोडलेल्या प्राण्याला आडव्या, जाडसर फांद्यांच्या बुटक्या पिंजऱ्यात हलवतात, जेणेकरून पडला तरी उंचावरून पडू नये, आणि हाताळणी शक्य तितकी टाळतात, कारण धरले जाणे हाच या प्राण्याला मोठा ताण असतो.

महाराष्ट्रात आढळणारा घोयरा सरडा हा याच कुळातला, परंतु तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने त्याला घरी ठेवणे, औषधोपचाराच्या सद्हेतूनेही, बेकायदा आहे. संथपणे रस्ता ओलांडणारा हा सरडा वाहनांखाली सापडतो. असा जखमी प्राणी दिसल्यास त्याला हवेशीर खोक्यात, धरायला एक काटकी देऊन, अंधारात शांत ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दयेपोटी त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ते पाणी सरळ फुप्फुसात उतरू शकते.