गळाचे रीळ आणि पतंगाची चक्री

संक्रांतीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या गच्च्यांवर एक जोडी हमखास दिसते. एक जण पतंग उडवीत असतो आणि दुसरा, बहुधा वयाने धाकटा, त्याच्यामागे चक्री धरून उभा असतो. येवल्याकडे या चक्रीला आसारी म्हणतात, मुंबई-पुण्याकडे फिरकी. ढील दिली की चक्री भरारा फिरते. पतंगवाल्याने ढील एकाएकी थांबवली आणि धाकट्याचे लक्ष नसले, तर चक्री फिरतच राहते, मांजा सैल पडतो आणि पायाशी त्याचा गुंता होतो. बोलणी अर्थात धाकट्यालाच बसतात! (मांजा सुतीच हवा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे.)

या गुंत्यामागे जे भौतिकशास्त्र आहे, तेच एका वेगळ्या छंदात पदोपदी आडवे येते. तो छंद म्हणजे गळ टाकून मासे धरणे.

पैठणला नाथसागरावर मासेमारी चालते ती मुख्यतः जाळ्याने. काठावरची मुले बांबूच्या टोकाला दोरा बांधून गळ टाकतात, पण त्यांचा गळ काठी आणि दोरा यांच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही. त्याहून दूर जायचे तर जादा दोरा कोठेतरी गुंडाळून ठेवला पाहिजे आणि हवा तेव्हा तो सुटला पाहिजे. ही युक्ती फार जुनी आहे. मा युआन या चिनी चित्रकाराने सुमारे 1195 साली काढलेल्या चित्रात होडीतल्या कोळ्याच्या काठीला चक्क रीळ दिसते. पुढे इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बाजूला लाकडी, मोकळेपणी फिरणारी रिळे निघाली आणि त्यांतूनच आजचे ‘सेंटरपिन’ रीळ आले. एक ढोल, त्याच्या मधोमध एक आस, बस्स. दातेरी चाके नाहीत की आपोआप चालणारा ब्रेक नाही. काठीला बांधलेली चक्रीच म्हणा ना!

रचना इतकी साधी, पण या रिळाने गळ फेकायला शिकणे मात्र महाकठीण. असे का व्हावे?

थोडे गणित करू. समजा, ढोलाची त्रिज्या 5.5 सेंटिमीटर आणि वस्तुमान 200 ग्रॅम आहे. गळाला बांधलेले शिसे 10 ग्रॅमचे आहे. भरीव चकतीचे जडत्व आघूर्ण तिचे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या निम्मे असते. ढोल साधारण तसाच मानला, तर दोऱ्याच्या दृष्टीने तो 100 ग्रॅमच्या ओझ्यासारखा वागतो. म्हणजे 10 ग्रॅमच्या शिशाने आपल्यामागे 100 ग्रॅमचे ओझे ओढायचे! शिसे सेकंदाला 12 मीटर वेगाने सुटले आणि ढोल स्थिर असताना दोरा ताणला गेला, तर झटक्यानंतर दोघांचा सामाईक वेग संवेगाच्या हिशेबाने 12 च्या अकराव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला जेमतेम 1.1 मीटर उरेल. शिसे पायापुढेच पडेल, किंवा दोरा तुटेल.

यावर उपाय एकच. शिसे ढोलाला फिरवू शकत नसेल, तर हाताने फिरवावे. नॉटिंगहॅमच्या वॉलिस या गळबाजाच्या नावाने ओळखली जाणारी फेक हीच. उजव्या हातात काठी असते. डाव्या हाताने रीळ आणि काठीवरची पहिली कडी यांच्यामधला दोरा धरायचा. काठी फिरवू लागताच तो दोरा बाजूला ओढायचा, म्हणजे ढोल फिरू लागतो. शिसे सुटते तेव्हा ढोलाचा वेग शिशाच्या वेगाशी जुळला पाहिजे. मग डावा हात पुढे नेऊन दोरा अलगद सोडून द्यायचा. ओढ उशिरा पडली तर झटका बसतो, लवकर पडली तर दोरा सैल होतो.

इथवर जमले तरी निम्मेच काम झाले. शिशाइतक्या वेगाने दोरा सोडणारा आपला ढोल आता सेकंदाला सुमारे 35 फेरे घेतो आहे. त्याची गतिज ऊर्जा 7.2 जूल, तर शिशाची फक्त 0.72 जूल. आरंभी जो ढोल हलता हलत नव्हता, तोच आता थांबता थांबत नाही. शिसे मात्र मंदावत जाते. हवेचा अडथळा तर आहेच, पण हवा नसती तरीही मंदावले असते! 45 अंशांच्या कोनात फेकलेल्या शिशाचा वेग मार्गाच्या सर्वोच्च बिंदूपाशी 12 वरून साडेआठ मीटरपर्यंत उतरतो. ढोल जुन्याच वेगाने दोरा सोडत राहिला, तर जादा दोरा ढोलावरच सैल पडून वेढ्यांत वेढे अडकतात. शिसे पाण्यात पडल्यावरही ढोल अर्धा सेकंद तसाच फिरला, तर 17 वेढे, म्हणजे जवळजवळ 6 मीटर दोरा फुकट सुटतो. त्याचे जे होते ते पक्ष्याच्या घरट्यासारखे दिसते, आणि ते सोडवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

म्हणून फेक चालू असताना बोट ढोलाच्या कडेवर हलकेच टेकलेले असावे लागते. शिसे जसे मंदावेल तसा दाब वाढवायचा आणि ते पाण्याला लागण्याच्या क्षणी ढोल पुरा थांबवायचा. गच्चीवर चक्री धरणारा हुशार मुलगा तळव्याने चक्रीची दांडी दाबतो, तेच हे काम. शिकताना गळाचा आकडा काढून टाकावा आणि मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, 20-25 ग्रॅमच्या शिशाने सुरुवात करावी. कारण उघड आहे: शिसे जड असले की ढोलाचे ओझे त्या मानाने हलके होते. तुटलेला दोरा मात्र गोळा करून न्यावा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

मग ढोल फिरूच दिला नाही तर? ही कल्पना ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांतल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाला सुचली. इचलकरंजीचे यंत्रमाग पाहिले असतील तर धोट्यातली कांडी आठवा. ती फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून ओघळून निघते. इलिंगवर्थने हीच तऱ्हा रिळाला लावून 1905 मध्ये पेटंट घेतले. आज दुकानांत मिळणारी बहुतेक रिळे त्या वंशातली आहेत. त्यांत जडत्वाचा प्रश्नच मिटतो. दोऱ्याला वेढ्यागणिक एक पीळ बसतो खरा, पण परत गुंडाळताना तो निघतो.

असे असून जुने रीळ टिकले, ते वाहत्या पाण्यामुळे. प्रवाहात तरंगत्या बुचाला दोरा बांधून सोडला, तर बूच संथ, एकसारख्या वेगाने जाते. वेग एकसारखा असला की जडत्वावर मात करण्यासाठी बल लागत नाही, उरते ते फक्त आसाचे घर्षण. ते पुरेसे कमी असेल, तर पाण्याची एवढीशी ओढही ढोल फिरवते आणि बूच न अडखळता वाहत जाते. माझ्या मते या रिळाची खरी मजा फेकण्यात नाही, या वाहण्यात आहे.

तुमच्या चक्रीचे ओझे तुम्हाला घरीच मोजता येईल. चक्रीची दांडी आडवी, पण मोकळी फिरेल अशी दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवा. दोऱ्याला m ग्रॅमचे वजन बांधून सोडा आणि ते h मीटर खाली जायला t सेकंद लागतात ते पाहा. चक्रीचे ओझे M ग्रॅम मानले, तर M = m (gt²/2h − 1). आपल्या ढोलावरून 10 ग्रॅमचे वजन 1 मीटर उतरायला दीड सेकंद घेईल. मोकळे सोडले असते तर अर्ध्या सेकंदाच्या आतच जमिनीवर आले असते. दांडीच्या घर्षणामुळे उत्तर थोडे जास्त येईल, म्हणून दांडीला मेण चोळा. चक्रीच्या दोन्ही बाजूंची चाके मोठी आणि दोरा कमी गुंडाळलेला असेल, तर M चक्रीच्या खऱ्या वस्तुमानापेक्षाही जास्त येऊ शकते. ते कसे, हे वर्गात सरांशी बोलून ठरवा.